उपग्रहांच्या मिटत्या रचना

अग्निबाणाच्या टोकावरील आवरणात उपग्रहाला मिळणारी जागा फार थोडी असते. आपल्या जीएसएलव्ही अग्निबाणाचे आवरण चार मीटरांहून अधिक रुंद नसते. परंतु याच अग्निबाणाने ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून नेलेल्या ‘निसार’ या भारत-अमेरिका संयुक्त उपग्रहाच्या परावर्तकाचा व्यास १२ मीटर आहे. ही विसंगती दूर करण्याचा मार्ग एकच : परावर्तक मिटवून न्यावयाचा आणि अवकाशात उघडावयाचा.

एवढा मोठा परावर्तक कशासाठी, अशी शंका येईल. परावर्तकाची ग्रहणशक्ती व्यासाच्या वर्गाशी सम प्रमाणात असते. व्यास चारऐवजी बारा मीटर केल्यास ती नऊपट होते. भूपृष्ठावरून परतणाऱ्या क्षीण रेडिओलहरी टिपून जमिनीची हालचाल व मातीतील ओल यांचे मापन करणे, हे निसारचे कार्य होय. रब्बी ज्वारी ज्या ओलीवर पोसते तिचे महत्त्व सोलापूरकरांस निराळे सांगावयास नको.

या परावर्तकाचा पृष्ठभाग म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेल्या तारांची जाळी. अशा जाळ्या सामान्यतः आपल्या मागावरील चादरीप्रमाणे ताण्याबाण्याने विणीत नाहीत. त्या मोज्याप्रमाणे टाक्यांनी गुंफतात. त्यामुळे घडीची मोड राहत नाही व जाळी सर्व दिशांनी सारखी ताणता येते. १५ ऑगस्ट २०२५ रोजी निसारच्या परावर्तकाची बंधने सोडण्यात आली. प्रथम चौकटीत साठलेल्या ताणाने तो फुलू लागला. नंतर मोटारी व दोर यांनी तो पूर्ण उघडला.

तथापि असे यश नेहमीच लाभते असे नाही. १९८१ साली सोडलेल्या ‘ॲपल’ उपग्रहाच्या दोन सौरपट्टिकांपैकी एक उघडलीच नाही; तरीही तो दोन वर्षांहून अधिक काळ उपयोगी पडला. ‘इन्सॅट-१ए’चे दैव इतके अनुकूल नव्हते. त्याच्या एकाच बाजूस सौरपट्टिका होती, म्हणून सूर्यप्रकाशाच्या दाबाने येणारा कल सावरण्यासाठी दुसऱ्या बाजूस शीड योजिले होते. एप्रिल १९८२ मधील उड्डाणानंतर ते शीड उघडले नाही. तोल राखण्याचा भार इंधनावर पडला, आणि सप्टेंबरात ते संपून उपग्रह निकामी झाला.

येथे प्रश्न असा की, भूमीवर कसून परीक्षा घेऊनही असे का घडावे? याचे कारण, प्रयोगशाळेत गुरुत्वाकर्षण काढून टाकता येत नाही. रचना टांगून त्याचा परिणाम केवळ कमी करता येतो. शिवाय निर्वातात सामान्य वंगण उडून जाते, स्वच्छ धातुपृष्ठे एकमेकांस चिकटू शकतात आणि ऊन-सावलीतील तापमानभेदाने बिजागरीचे भाग कमीअधिक प्रसरण पावतात. म्हणून स्प्रिंगचा जोर अपेक्षित घर्षणाहून पुष्कळ अधिक ठेवावा लागतो. पण तो फार वाढविल्यास शेवटच्या धक्क्याने रचनाच मोडण्याचा संभव असतो. या दोन मर्यादांमधील योग्य मूल्य ठरविणे, हाच या शास्त्रातील खरा प्रश्न आहे. त्यासाठी लागणारे घर्षणाचे व स्थितिस्थापकतेचे प्राथमिक प्रयोग साध्या प्रयोगशाळेतही होऊ शकतात. आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी त्यांकडे अवश्य लक्ष द्यावे.