दानात आलेल्या संगणकांचे शाळेतले जाळे

अशा जाळ्यासाठी निधी कुठून? पुणे जिल्ह्यात शिरूरमध्ये रांजणगाव, दौंडमध्ये कुरकुंभ या औद्योगिक वसाहती; म्हणजे जवळच्या कंपन्यांकडून. कंपनी कायदा 2013, कलम 135 नुसार पात्र कंपन्यांनी मागील 3 वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान 2 टक्के सामाजिक कामावर खर्चायचे. शिक्षण त्यात येते. सरकारी योजनेचा इथे उपयोग नव्हता: केंद्राची 2004 ची शालेय संगणक योजना माध्यमिक व उच्च माध्यमिक वर्गांसाठी होती. पहिली ते चौथीची जिल्हा परिषद शाळा तिच्याबाहेर.

जाळ्याची पद्धत थिन क्लायंट: सगळे काम एका ताकदवान सर्व्हरवर. जुना संगणक उरतो पडदा, कीबोर्ड, माउसपुरता. हार्डडिस्क नसली तरी चालतो. त्यासाठीची मुक्त प्रणाली एलटीएसपी, 1999 पासूनची. सर्व्हर थांबला की सगळे पडदे थांबतात, म्हणून यूपीएस आधी त्याला.

लॅन म्हणजे इंटरनेट नव्हे. वर्गातले संगणक स्विचला जोडले की लॅन तयार. मराठी विकिपीडिया (2003 पासून) किविक्स या सॉफ्टवेअरद्वारे सर्व्हरवर साठवला की इंटरनेटशिवाय वाचता येतो.

- तांब्याची नेटवर्क केबल: एका जोडणीत कमाल 100 मीटर.
- जोडणीपूर्वी, सर्वांत आधी: अर्थिंग तपासणे.
- दानापूर्वी: हार्डडिस्कवरील जुनी माहिती कायमची पुसणे.

महाराष्ट्रातला शालेय संगणकांचा आधीचा प्रयोग: खैरात (रायगड), 2007, ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ उपक्रम. मात्र तिथे संगणक नवे होते.