सियाचिनचं रक्त दिल्लीपर्यंत टिकत नाही

दिल्ली हाफ मॅरेथॉन जवळ आली की इथल्या मराठी मंडळींत अविनाश साबळेचा विषय निघतोच. 29 नोव्हेंबर 2020 रोजी त्याने ही शर्यत 1 तास 30 सेकंदांत संपवली. 61 मिनिटांच्या आत धावणारा तो पहिला भारतीय. मग कुणीतरी ठासून सांगतं, ‘सियाचिनला होता ना, तिथेच कमावला दम!’ बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा पोरगा, महार रेजिमेंट, बर्फातली ड्यूटी. गोष्ट भिडते, पण रक्ताचा हिशेब तिला साथ देत नाही.

विरळ हवेत प्राणवायू कमी पडू लागला की मूत्रपिंडं एरिथ्रोपोएटिन, म्हणजे ईपीओ, जास्त सोडतात. एक-दोन दिवसांत त्याची पातळी कळस गाठते, पण अस्थिमज्जेतून नव्या तांबड्या पेशी बाहेर पडायला जवळपास आठवडा जातो. त्याआधीच रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन वाढलेलं दिसतं, ते फसवं असतं. रक्तातलं पाणी तेवढं घटलेलं असतं. खरी वाढ साधारण शंभर तासांना एक टक्का. म्हणून 2,000 ते 2,500 मीटरवर तीन-चार आठवडे तळ ठोकावा लागतो. खाली उतरलं की ईपीओ घसरतं आणि काही आठवड्यांत कमाई ओसरते. तांबडी पेशी जगतेच मुळी सुमारे 120 दिवस. साबळेची सियाचिनची नेमणूक 2013-14 मधली. ते रक्त 2020 पर्यंत उरेल कसं? शिवाय पाच हजार मीटरवर भूक मरते, स्नायू झडतात. 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 8 मिनिटं 11.20 सेकंदांत स्टीपलचेसचं रौप्य मिळवण्याआधी तो कोलोरॅडो स्प्रिंग्जला, सुमारे 1,800 मीटरवर, सराव करत होता. श्रेय द्यायचंच तर त्या पद्धतशीर सरावाला द्यावं.

महाराष्ट्रात एवढी उंची नाहीच. कळसूबाईसुद्धा 1,646 मीटर. दिल्लीकरांना शिमल्यापलीकडचं शिलारू आहे, भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं (साई) केंद्र, सुमारे आठ हजार फुटांवर. पण तिथे धावपटूंना पाठवण्याआधी फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याची खूण, तपासायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे. शरीरात लोहाचा साठा नसेल तर ईपीओ कितीही वाढो, हिमोग्लोबिन बनणार कशातून? गावाकडून आलेल्या मुलींच्या बाबतीत ही हयगय अक्षम्य आहे.

हेच ईपीओ सुईने टोचणारेही आहेत. त्यांना पकडण्यासाठी जवाहरलाल नेहरू स्टेडियमच्या आवारातल्या राष्ट्रीय उत्तेजक चाचणी प्रयोगशाळेत 2025 मध्ये ‘अॅथलीट पासपोर्ट’ विभाग सुरू झाला. हा पासपोर्ट म्हणजे खेळाडूच्या रक्ताच्या वेळोवेळी घेतलेल्या नोंदी. पासपोर्टसाठी रक्त घेण्याआधी खेळाडूला दहा मिनिटं पाय जमिनीला टेकवून खुर्चीत बसवतात, कारण उभं राहण्या-बसण्यानेही रक्त दाट-पातळ होतं. मग विचारतात, गेल्या दोन आठवड्यांत उंचावर होतात का? प्रामाणिक खेळाडूचं हिमोग्लोबिनही शिबिरानंतर वर गेलेलं असतं. तेव्हा शिबिराच्या तारखा आणि मुक्कामाची उंची प्रशिक्षकांनी पहिल्या दिवसापासून वहीत टिपून ठेवावी.