जुनी येझदी, नवे गिऱ्हाईक

म्हैसूरचा आयडियल जावा कारखाना १९९६ साली बंद पडला, पण येझदीचे शौकीन अजून आहेत. सुट्टीच्या दिवशी ते घरीच गाडी खोलतात, कार्बोरेटर धुतात, वायरिंग बदलतात आणि काम कुठवर आले याचे फोटो एकमेकांना दाखवतात. मात्र सिलिंडरचे बोअरिंग, क्रँकला नवा कनेक्टिंग रॉड बसवणे, सायलेन्सरला क्रोम चढवणे ही कामे घरी होत नाहीत. त्यासाठी कारागीरच लागतो. घरी पाना फिरवणारा हा माणूस आपला धंदा बुडवत नाही, उलट काम घेऊन येतो. त्याला टोलवू नका. बोअरचे माप बिलावर लिहून द्या, काढलेले जुने पार्ट परत करा, वायदा पाळा. एकाचे काम चोख झाले की तो दहा जणांना दुकानाचा पत्ता सांगतो.