बैलांच्या चामडी साजासाठी तेल कोणते निवडावे?

चिपळूण तालुक्यात सावर्डे परिसरात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पॉवर टिलर आले असले, तरी डोंगरउताराच्या लहान खाचरांत चिखलणीसाठी अजूनही बैलजोडी लागते. सापत्या, वाद्या, नाडा, घुंगुरमाळेचा पट्टा असा चामडी साज याच काळात चिखलात भिजतो आणि नंतर वाळून कडक होतो. कडक सापती बैलाच्या मानेला घासते, कातडी सोलते आणि पावसात त्या जखमेत अळ्या पडतात. लावणीच्या ऐन दिवसांत जोडी बसून राहिली तर रोप जून होते. म्हणूनच साजाला वेळेवर आणि योग्य तेल देणे आवश्यक आहे.

चामड्याला तेल का लागते?

चामडे म्हणजे प्रथिनांच्या बारीक तंतूंची वीण. तंतूंमध्ये तेल असेल तर ते एकमेकांवर सहज सरकतात आणि पट्टा वाकतो. पाण्यात भिजून पुन्हा वाळताना तेल कमी होते, तंतू एकमेकांना चिकटतात आणि वाकवल्यावर भेगा पडतात. पडलेली भेग तेलाने भरून येत नाही. त्यामुळे भेग पडण्याआधीच तेल द्यावे.

साजाचे चामडे बहुधा झाडांच्या सालीतील किंवा फळांतील टॅनिनने कमावलेले असते. बाभळीची साल व हिरडा ही त्याची नेहमीची साधने. सावर्डे परिसरात ज्या खैरापासून कात बनतो, त्या खैराच्या गाभ्यातही टॅनिन असते. असे चामडे कापलेल्या कडेला आतपर्यंत तपकिरी दिसते. कड निळसर-राखाडी असेल तर ते क्रोमने कमावलेले समजावे. त्याला तेल कमी लागते. नायलॉनच्या पट्ट्यांना तेलाचा उपयोग नाही.

तेलाची निवड कशी करावी?

हवेतील प्राणवायू घेऊन काही तेले घट्ट होतात. ही प्रवृत्ती आयोडीन मूल्यावरून कळते. मूल्य जितके जास्त, तितके तेल लवकर चिकट होते व वाळते. खोबरेल तेलाचे मूल्य सुमारे ६ ते १०, एरंडेल व करंज तेलाचे सुमारे ८० ते ९०, तिळाच्या तेलाचे १०४ ते १२०, सोयाबीन तेलाचे १२० ते १४०, तर जवसाच्या तेलाचे १७० च्या पुढे असते. चामड्यासाठी न वाळणारे तेल निवडावे.

- करंज तेल : कोकणात खाडीकाठी व ओढ्याकाठी करंज मुबलक आहे. तेल लवकर वाळत नाही, चामड्यात चांगले मुरते. वास उग्र व चव कडू असल्याने सापत्या, वाद्या, नाडा यांसाठी योग्य, चपला-पिशव्यांसाठी नको.
- एरंडेल : घट्ट असल्याने चामड्यात टिकून राहते, पण एकटे लावल्यास आत मुरायला वेळ लागतो आणि पृष्ठभाग चिकट राहून धूळ धरतो. खोबरेल तेलात समप्रमाणात मिसळून वापरावे.
- खोबरेल तेल : लवकर चिकट होत नाही. मात्र सुमारे २४ अंश सेल्सिअसखाली गोठते, त्यामुळे थंडीत चामड्यावर पांढरा थर दिसतो. कापडाने चोळल्यावर तो जातो. घाण्याचे तेल गाळून, गाळ व पाणी नसलेलेच वापरावे.
- शेंगदाणा व तीळ तेल : दुसरे काही नसेल तर चालते, पण महाग पडते आणि उंदीर साज कुरतडतात.
- जवस, सोयाबीन, सूर्यफूल तेल : टाळावे. जवसाचे तेल काही दिवसांत वाळून कडक होते व चामडे वाकवल्यावर तडकते. या तेलाची फडकी गोळा करून ठेवल्यास आपोआप तापून पेट घेऊ शकतात.
- तळणीचे उरलेले तेल : आधीच खवट झालेले असते, मीठही असते. वापरू नये.
- जळके इंजिन ऑइल : फुकट मिळते म्हणून अनेक जण लावतात. त्यात काजळी, धातूचे कण व जळणाचे अवशेष असतात. सापती बैलाच्या कातडीला दिवसभर घासत असल्याने हे तेल पूर्णपणे टाळावे.

पावसासाठी मेणाचे मिश्रण

नुसते तेल पाणी फार काळ अडवत नाही. ३०० मिलि करंज तेल (चपलांसाठी खोबरेल) आणि १०० ग्रॅम मधमाशीचे मेण घ्यावे. भांडे गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून मेण वितळवावे. थेट आचेवर ठेवू नये. मेण सुमारे ६३ अंशांला वितळते. मिश्रण थंड झाल्यावर मलमासारखे होते. मेण नसेल तर कोकमाचे मुठेल वापरता येते, पण त्याने पाणी मेणाइतके अडत नाही.

तेल देण्याची पद्धत

१. चिखल ओल्या कापडाने पुसावा. कपड्याचा साबण किंवा सोडा वापरू नये.
२. साज सावलीत वाळवावा. किंचित दमट असतानाच तेल द्यावे. पाणी उडताना तेल आत शिरते.
३. आतल्या खरखरीत बाजूने तेल जास्त मुरते, म्हणून तिथून सुरुवात करावी. एका सापतीला एक ते दोन चहाचे चमचे तेल पुरते.
४. रात्रभर ठेवून उरलेले तेल पुसावे. पट्टा अजून कडक वाटल्यास दुसरा पातळ हात द्यावा.
५. मेणाचे मिश्रण शेवटी, बाहेरच्या बाजूने चोळावे.

गरम तेलात चामडे बुडवू नये आणि ओला साज चुलीजवळ वाळवू नये. ओले चामडे उष्णतेने आकसते व ठिसूळ होते. जास्त तेल दिल्यास चामडे सैल होते, ताणले जाते आणि शिवण ढिली पडते.

वेळापत्रक व साठवण

मे महिन्याच्या शेवटी पहिला हात, लावणी संपल्यावर दुसरा आणि ऑक्टोबरमध्ये साज ठेवून देताना तिसरा हात द्यावा. मध्ये गरज ओळखण्यासाठी पट्ट्यावर पाण्याचा थेंब टाकावा. तो लगेच शोषला गेला तर तेल कमी झाले आहे.

साज प्लॅस्टिक पिशवीत बांधू नये. हवेशीर जागी टांगावा. बुरशी प्रामुख्याने ओलाव्यामुळे येते. ती आल्यास घराबाहेर कोरड्या ब्रशने झाडावी, स्पिरिट व पाणी समप्रमाणात घेऊन पुसावे (आधी कोपऱ्यावर तपासावे), सावलीत वाळवावे आणि मगच तेल द्यावे. बुरशीवर थेट तेल चोळू नये. लोखंडी डब्यात किंवा गंजक्या खिळ्यावर साज ठेवल्यास टॅनिन व लोखंड मिळून काळे डाग पडतात.

जुंपण्यापूर्वी प्रत्येक सापती बोटावर वाकवून पाहावी. भेग आडवी व खोल असेल तर तेलावर पैसे न घालवता पट्टा बदलावा. मानेवर सूज किंवा सोललेली जागा दिसल्यास बैलाला विश्रांती द्यावी आणि पशुवैद्यकाकडून उपचार करून घ्यावेत.