गाडी उलाळ होऊ नये म्हणून

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं आपण म्हणतो. माणसाचं बिऱ्हाड मात्र टेंपोवर असतं. पाठीवर ओझं नेमकं कुठं घ्यायचं हे विंचवाला उपजत कळत असावं. मला ते कळायला वयाचं अठ्ठावन्नावं वर्ष उजाडावं लागलं.

२०१२ सालची गोष्ट. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतली माझी नोकरी संपली होती. पालेगावातलं भाड्याचं घर सोडून वाईजवळच्या आमच्या गावी कायमचं राहायला जायचं ठरलं. एक पिकअप गाडी ठरवली. बदलापूर, कर्जत, खोपोली, बोरघाट, पुणे आणि मग खंबाटकी असा दिवसभराचा प्रवास होता. सामान चढवण्याची सूत्रं मी हातात घेतली. शेवटी चढवलेलं सामान आधी उतरतं, एवढा साधा हिशेब मी केला. जड वस्तू गावी पोचल्याबरोबर जागेवर लागाव्यात, म्हणून त्या मी मुद्दाम अगदी शेवटी चढवायला लावल्या. केबिनच्या पाठीशी गाद्या, उशा, रिकामे पिंप आणि प्लास्टिकच्या खुर्च्या गेल्या. मागच्या फळीपाशी लोखंडी कपाट, तांदळाची तीन पोती आणि पुस्तकांचे बारा खोके आले. चालक तेव्हा चहाला गेला होता. तो आला तोवर ताडपत्री बांधून झाली होती आणि मी स्वतःवर खूश होतो.

वांगणी मागे पडली आणि चालकानं गाडीचा वेग कमी केला. एका खड्ड्यातून गाडी गेली तशी स्टिअरिंग त्याच्या हातात हलकं झाल्यासारखं झालं. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. त्यानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, उतरून मागून एक नजर टाकली आणि मला म्हणाला, "काका, गाडी उलाळ झालीय. अशी घाटात नाही न्यायची."

उलाळ! हा शब्द मी लहानपणी आजोबांच्या तोंडी ऐकला होता. बैलगाडीत मागच्या बाजूला ओझं जास्त झालं, की जू वर उचललं जातं आणि बैलांच्या मानेला खालून फास बसतो. ती उलाळ गाडी. ओझं फारच पुढे गेलं तर उलटं होतं, सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. जाणता गाडीवान म्हणूनच एखादं पोतं वीतभर पुढे सरकवतो, वीतभर मागे घेतो. जुवावर थोडा भार हवा, पण थोडाच.

पिकअपचंही गणित तेच असतं. बागेतला सी-सॉ डोळ्यांसमोर आणा. मागचा ॲक्सल म्हणजे त्याचा मधला टेकू. ॲक्सलच्या पुढे ठेवलेलं वजन पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटलं जातं. ॲक्सलच्या मागे ठेवलेलं वजन मात्र पुढची चाकं उचलायला बघतं. गाडी वळते ती पुढच्या चाकांनी, आणि ब्रेकचं मोठं कामही तीच करतात. त्यांचाच भार कमी झाला तर स्टिअरिंग फिरतं, पण गाडी मनासारखी वळत नाही. चढावर भार आणखी मागे झुकतो, म्हणजे घाटात ही अडचण वाढणार.

मी मनाशी वजनं मांडली. कपाट ऐंशी किलो, तांदूळ दीडशे, पुस्तकांचा खोका वीस किलोचा धरला तर बारा खोक्यांचे दोनशे चाळीस. एकूण चारशे सत्तर किलो, आणि सगळे शेपटाकडे. एकूण सामान गाडीच्या क्षमतेत होतं, ओझं जास्त नव्हतंच. ते चुकीच्या जागी होतं. पुढे केबिनमध्ये माझ्या शेजारी बायको तुळशीची कुंडी मांडीवर घेऊन बसली होती. बोरघाटाच्या एखाद्या वळणावर ही गाडी वळली नसती तर, हा विचार मला तेव्हा सुचला. आधी सुचला नव्हता, हे कबूल करायला हवं.

दीड तास गेला. रस्त्याच्या कडेला आमचा संसार मांडला गेला. आता कपाट केबिनच्या भिंतीला टेकून, दारं आतल्या बाजूला करून उभं राहिलं. तांदूळ आणि पुस्तकं तळाशी, मागच्या ॲक्सलच्या पुढे, डाव्या-उजव्या बाजूला सारखी वाटून लागली. गाद्या शेवटी मागे आल्या. जड सामान केबिनला टेकवण्याचं आणखी एक कारण चालकानं सांगितलं. जोरात ब्रेक लागला की गाडी थांबते, सामान थांबत नाही. मध्ये मोकळी जागा असेल तर कपाट वेग घेऊन केबिनवर येतं; आधीच टेकलेलं असेल तर ते धावणार कुठून? पुढे दहा-पंधरा किलोमीटरवर त्यानं पुन्हा थांबून दोर आवळले. धक्क्यांनी सामान बसतं आणि सुरुवातीला घट्ट वाटलेला दोर सैल पडतो.

हे सगळं तो कुठं शिकला? तो मूळचा बीडकडचा, ऊसतोडीच्या कुटुंबातला. दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबं तिकडून कारखान्यांकडे निघतात, ट्रॅक्टरमागे जोडलेल्या ट्रॉल्यांत मुलंबाळं, भांडीकुंडी, सरपण घालून. त्यानं लहानपणी असे कित्येक प्रवास केले होते. ट्रॉलीला बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात, म्हणून उतारावर ती ट्रॅक्टरला मागून ढकलते. "ट्रॉली पुढं व्हायला बघते, काका. तिला पुढं होऊ द्यायची नाही," एवढंच तो म्हणाला.

काही वर्षांनी अमेरिकेतल्या माझ्या भाच्यानं न्यू जर्सीहून टेक्सासला घर हलवलं. तिथं मालवाहू ट्रेलर भाड्यानं मिळतो. तो आपल्या पिकअपला जोडायचा, स्वतः चालवत न्यायचा आणि दुसऱ्या गावी परत करायचा. यू-हॉल ही कंपनी १९४५ पासून हा व्यवसाय करते. आपल्याकडे गाडीबरोबर चालकही येतो, त्याचं शहाणपण भाड्यात मिळतं. तिथं ते पत्रकात छापलेलं असतं. भाच्यानं मला ते फोनवर वाचून दाखवलं. साठ टक्के वजन ट्रेलरच्या पुढच्या अर्ध्या भागात ठेवा, वेग ताशी पंचावन्न मैलांच्या, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरच्या वर नेऊ नका. मी म्हटलं, "अरे, म्हणजे गाडी उलाळ करू नकोस!"

ट्रेलर उलाळ झाला तर तो जोडाच्या ठिकाणी ओढणाऱ्या गाडीचा मागचा भाग उचलतो आणि शेपटासारखा डाव्या-उजव्या बाजूला डुलू लागतो. वेग वाढला की डुलणं वाढतं. अशा वेळी घाबरून करकचून ब्रेक मारायचा नाही आणि स्टिअरिंग इकडेतिकडे फिरवायचं नाही. ते सरळ धरायचं, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायचा आणि वेग आपोआप उतरू द्यायचा. मग थांबून सामान पुढे घ्यायचं.

उताराचा नियम मात्र दोन्हीकडे एकच आहे. ज्या गिअरमध्ये चढ चढाल, त्याच गिअरमध्ये तो उतरा. सतत दाबलेले ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करणं म्हणजे इंजिनाची ओढ सोडून देणं. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून पुण्यातल्या नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर किती अपघात झाले, हे आपण वाचतोच. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथं एका अवजड वाहनानं एकापाठोपाठ कित्येक गाड्यांना धडक दिली होती.

कायद्याचंही थोडं सांगतो. २०१९ च्या दुरुस्तीपासून जादा भाराला वीस हजार रुपये दंड आहे, शिवाय प्रत्येक जादा टनाला दोन हजार. सामान बाजूनं किंवा मागून बाहेर डोकावत असेल तरीही वीस हजार. आणि सामानावर माणूस बसवू नका. भाऊबंद हौसेनं मागे बसतात, पण अपघात झाला तर विम्याची भरपाई अडते. सामानाच्या मालकानं बसायचं ते केबिनमध्ये.

आम्ही अंधार पडल्यावर गावी पोचलो. गाद्या आधी उतरल्या, त्यावर मंडळी आडवी झाली. कपाट रात्रभर गाडीतच राहिलं आणि त्यानं कुणाचंही काही अडलं नाही. घर हलवताना आपण उतरवण्याची सोय बघतो. बघायचा असतो तो प्रवास. निघण्याआधी एकदा गाडीच्या बाजूला दहा पावलं लांब उभे राहा. तिची शेपटी बसलेली आणि नाक वर झालेलं दिसलं, तर ताडपत्री सोडा. दीड तास जाईल, जाऊ द्या.