झाडीपट्टी रंगभूमी

पूर्व विदर्भाच्या वनप्रदेशात सुगीनंतरच्या महिन्यांत बहरणारी लोकप्रिय नाट्यपरंपरा. ‘झाडी’ म्हणजे दाट वृक्षराजीचा मुलूख. भंडारा व गोंदिया हे जिल्हे, चंद्रपूर जिल्ह्याचा पूर्व भाग व त्याच जिल्ह्यातून १९८२ मध्ये वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याचा उत्तर भाग मिळून झाडीपट्टी होते. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा प्रदेश मुख्यत्वे भातपिकाचा असून तेथील बोलीस झाडीबोली म्हणतात. नागर व ग्रामीण लोकसंस्कृती परस्परांपासून काय घेतात व या देवघेवीत काय मागे पडते, याचे ही रंगभूमी एक बोलके उदाहरण आहे.

या रंगभूमीच्या मुळाशी दंडार व खडी गंमत हे स्थानिक लोकनाट्यप्रकार आहेत. दंडारीत गावातलेच हौशी पुरुष नृत्य, गीत व विनोदी संवाद सादर करीत. स्त्रीभूमिकाही तेच करीत. खडी गंमत कलावंत उभ्याउभ्याच सादर करतात, म्हणून तिला हे नाव पडले. ढोलकी, चोनके, टाळ ही तिची वाद्ये. शहरांतून आलेल्या मराठी संगीत नाटकाचा रंगमंच, पडदे, अंकरचना व पदे या परंपरेने स्वीकारली. परंतु रात्रभर चालणारा खेळ, भरपूर संगीत व मोकळा विनोद ही आपली वैशिष्ट्ये सोडली नाहीत. त्यामुळे ती नागर रंगभूमीची केवळ नक्कल ठरत नाही.

नाट्यप्रयोगांचा हंगाम शेतीच्या चक्राशी निगडित आहे. भाताची कापणी होऊन हाती पैसा येतो, तेव्हा दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते व नाटकांना प्रारंभ होतो. होळीच्या सुमारास हंगाम ओसरतो. दिवसा बैलजोड्यांच्या शर्यती म्हणजे शंकरपट व रात्री नाटक, असा जोडकार्यक्रम रूढ होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शर्यतींवर बंदी घातल्यावरही नाटके चालू राहिली. पुढे २०२१ मध्ये शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली व २०२३ मध्ये घटनापीठाने संबंधित कायदा वैध ठरविला.

गोंदिया–चांदाफोर्ट लोहमार्गावरील वडसा (देसाईगंज) हे या व्यवसायाचे केंद्र होय. नाट्यमंडळ्यांची कार्यालये येथे असून गावोगावची मंडळे येथे येऊन प्रयोग ठरवितात. गावाबाहेरील मोकळ्या जागेत मंडप उभारून तिकिटे विकली जातात. रात्री उशिरा सुरू झालेला खेळ पहाटेपर्यंत चालतो. रोज नवे गाव व अनेकदा नवे नाटक असल्याने रंगमंचासमोर बसून संवाद सांगणाऱ्याचे काम फार महत्त्वाचे असते. हुंडा, व्यसन, अंधश्रद्धा, शेतकऱ्याची दैना व कौटुंबिक कलह हे नेहमीचे विषय होत. गडचिरोली जिल्ह्यातील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाल्याने या रंगभूमीस राष्ट्रीय मान्यता लाभली.

यूरोपात सोळाव्या ते अठराव्या शतकांत अशीच देवघेव दिसते. कार्निव्हलचा उत्सव उपवासपर्वाआधी ऐन हिवाळ्यात येई. फिरते नट व कठपुतळीकार जत्रांमधून हिंडत. शहरी छापखान्यांतील स्वस्त गीतपत्रके व पंचांगे फेरीवाले खेड्यांत नेत. १५०० च्या सुमारास उमराव व धर्मगुरू लोकसंस्कृतीत सहभागी होत, परंतु १८०० पर्यंत ते तिच्यापासून दूर गेले, असे प्रतिपादन इतिहासकार पीटर बर्क यांनी १९७८ मध्ये केले. झाडीपट्टीत अशी फारकत झालेली नाही. शिक्षक, जमीनधारक व शेतमजूर एकाच मंडपात बसतात.

येथील बदल वेगळ्या स्वरूपाचा आहे. दक्षिण गडचिरोलीतील भामरागड, एटापल्ली या भागांतील माडिया गोंडांच्या रेला नृत्यात नाचणारे व पाहणारे असा कायमचा भेद नसतो. दंडारीत कलावंत व प्रेक्षक वेगळे झाले, तरी दोघे एकाच गावचे होते. व्यावसायिक नाटकात मात्र कलावंत बाहेरून येतात व गाव तिकीट काढून प्रेक्षक होते. या व्यवस्थेने अनेक कुटुंबांना हंगामी उपजीविका दिली. २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे प्रयोग थांबताच तिचे परावलंबित्वही उघड झाले. गावाने स्वतः रंगमंचावर उभे राहण्याची दंडारीची रीत यापुढे किती टिकते, यावर या रंगभूमीचे लोकरंगभूमीपण अवलंबून आहे.