सुटीतील परोपकार

युरोप-ऑस्ट्रेलियातील अनेक तरुण सुटीत कंबोडियातील अनाथालयांत सेवेसाठी जात आले आहेत, तेही पदरचे पैसे मोजून. हेतू निर्मळच. परंतु युनिसेफच्या साह्याने झालेल्या 2011 च्या पाहणीत आढळले, की तेथील चारांपैकी जवळजवळ तीन मुलांचे आई किंवा वडील हयात होते! शिक्षण मिळेल, या आशेने दरिद्री पालकांनीच त्यांना धाडले होते. पाहुण्यांच्या देणग्यांवर या संस्था पोसल्या गेल्या. मुलांचे दैन्य हेच त्यांचे भांडवल. पंधरा दिवस लळा लावून स्वयंसेवक विमानात बसतो आणि मूल पुन्हा पोरके होते. 2018 मध्ये आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा करताना ऑस्ट्रेलियाने अनाथालयांसाठी होणाऱ्या मुलांच्या व्यापाराचीही दखल घेतली, हे उचितच झाले.